यादवची जळजळ थांबली तेव्हा

मी बोलतेय, यादवच्या घशापासून पोटापर्यंत उतरलेली अन्ननलिका. लांबी जेमतेम वीतभर, काम हमालीचं. वरून आलेला घास खाली पोचवायचा, बस.

पंचवटीत यादवचं मिसळीचं दुकान आहे. सकाळी तर्रीला उकळी आली की उपाशीपोटी पळीभर चाखायचा. मग चहावर चहा. जेवण टळटळीत दुपार उलटल्यावर, पोटाला तडस लागेपर्यंत, आणि हात धुतले की लगेच गल्ल्यामागच्या बाकड्यावर आडवा. तो आडवा झाला की पोटातलं आम्ल उलटं माझ्यावर यायचं. पोटाला ते सोसतं. मला कसं सोसणार? मी नुसती भाजून निघायचे.

त्याची बायको ज्योत्स्ना म्हणायची, "अहो, एकदा डॉक्टरला दाखवून या ना."

"अगं, ॲसिडिटी कोणाला नसते?" म्हणत तो सोड्याची पुडी पाण्यात टाकायचा. ढेकर आला की खूश. माझी विचारपूस कोण करतंय.

अशी वर्षं गेली. भाजून भाजून माझं अस्तर गेलं आणि त्या जागी पोटासारखं दुसरंच अस्तर आलं. त्याला आम्ल झोंबेना. जळजळ थांबली. "औषधाशिवाय गेली बघा," असं यादव गिऱ्हाइकांना सांगत सुटला. अरे बाबा, माझी फक्त वाचा बसली होती.

त्याच अस्तरात पुढे गाठ धरली. कोरडा पाव उतरेना, म्हणून तो रश्श्यात भिजवून खाऊ लागला. आता मिसळवाल्याने पाव रश्श्यात बुडवला, तर त्यात कोणाला काय वावगं दिसणार? मग भिजवलेला पावही अडकला. तेव्हा नुसता रस्सा. गिऱ्हाइकं म्हणाली, "यादवभाऊ, बारीक झालात, छान दिसताय." माझा असा संताप झाला.

एके दिवशी ताटावर मऊ भातही परत आला. ज्योत्स्नाने हात धरून त्याला दवाखान्यात नेलं. दुर्बीण आत आली, माझ्यावरच्या गाठीचा तुकडा तपासला. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे. जळजळ होती तेव्हाच यायचं होतं."

औषधांनी गाठ थोडी आखडली. उद्या ऑपरेशन. मला कापून काढतील आणि पोटच वर ओढून माझ्या जागी जोडतील. ज्याने मला जाळलं, तेच.

"वाचतील ना हे?" ज्योत्स्नाने विचारलं.

"प्रयत्न करू," एवढंच डॉक्टर बोलले.

सगळ्यांचं असं होत नाही, मान्य. पण तुमच्या छातीतली माझी बहीण रोज जळत असेल, तर सोड्याने तिचं तोंड दाबू नका. आणि ती आपोआप गप्प झाली, तर निर्धास्त होऊ नका, तिला दाखवून या. माझं आता संपलं. यादवचं उद्या ठरेल.