वाढत्या मापाचं हेल्मेट

"ताई, हेल्मेट वाढत्या मापाचं घेऊ नका. ते काय स्वेटर आहे?" दुकानदाराने बजावलं होतं. तिने ते कानाआड केलं. लेक भराभर वाढत होती. गुडघ्यांचे, कोपरांचे पॅड मात्र तिने दहादा दाबून, पारखून घेतले.

पहिल्याच उतारावर हेल्मेट लेकीच्या डोळ्यांवर घसरलं आणि स्केटबोर्डसकट ती थेट आदळली, तिला झेलायला हात पसरून उभ्या असलेल्या आईवर. लेकीला ओरखडाही नाही. आईचं मनगट मोडलं.

"आई, तू का नाही गं पॅड घातलेस?"

आता नेमक्या मापाचं हेल्मेट आलंय, पण प्लास्टरमधला हात सांभाळत आई खिडकीशीच अडकली आहे. तुम्ही खाली जातच असाल, तर लेकीने हनुवटीखालचा पट्टा लावलाय ना, तेवढं बघा हो.