कँटीनबाहेरची पंगत

डिचोलीजवळच्या औषधांच्या कारखान्यात बाबली आणि शांताराम एकाच मशीनवर म्हातारे होत आले होते. मग कंपनीने अर्ध्या कामगारांचे राजीनामे घेतले आणि त्यांनाच ठेकेदारामार्फत परत कामावर ठेवलं. शांताराम त्यांतला एक. काम तेच, पगार निम्मा, आणि कँटीनमध्ये ठेकेदाराच्या माणसांना मज्जाव.

बाबली कायम नोकरीतच राहिला, पण कँटीनमधली शांतारामची रिकामी जागा त्याला बघवेना. एक दिवस तो डबा घेऊन गेटजवळच्या काजूखाली शांतारामच्या शेजारी जाऊन बसला. पूर्वीसारखी दोघांनी सुक्या बांगड्याची किसमूर वाटून खाल्ली.

आठवड्याभराने शांतारामनेच त्याला अडवलं. "बाबल्या, उद्यापासून येव नको. साहेबान ठेकेदाराक दम दिल्यान. तुका नुसती बोलणी बसतली, माझा कामच जातला."

बाबली डबा झाकून उठला. आपण मित्राच्याच पोटावर पाय आणला, याची त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये उभं राहून तो युनियनच्या लोकांना म्हणाला, "मी एकटो शांतारामाकडे जेवूक गेलंय तर तेका काढतत. सगळे गेलो तर कोणाकोणाक काढतले?"

मग पॅकिंगमधली कमलाक्षी डबा उचलून उठली आणि तिच्यामागून बाकीचेही निघाले. साहेब दारापर्यंत आले, काजूखालची भलीमोठी पंगत पाहून परत फिरले.

ठेकेदाराच्या माणसांना कँटीन काही उघडलं नाही. पण शांतारामचं कामही गेलं नाही, आणि आजवर फक्त कायम कामगारांच्याच असलेल्या युनियनच्या पुढच्या बैठकीला बाबली त्याला हाताला धरूनच घेऊन गेला.