गाडी कुणाची?

मित्रांनो, मी एक जुनी, करड्या रंगाची मोटारगाडी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा हा रंग चंदेरी होता, पण आता करडा म्हणणंच खरं. जुन्या गाडीला लोक विचारतात, किती धावलीस, कुठे कुठे गेलीस. ते मला तोंडपाठ आहे. माझं घोडं अडलंय ते वेगळ्याच प्रश्नावर. मी कुणाची, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं, आणि कागद बघाल तर ते आजही पुरतं कळलेलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका लांब पट्ट्यावरून मी सरकत गेले आणि वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येकाने मला काही ना काही जोडलं. कुणी दारं बसवली, कुणी दिवे. एकाने माझ्या सांगाड्यावर आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ ठोकली. त्याला चेसिस नंबर म्हणतात. मला वाटलं, हेच आपलं नाव. पण या नावाने आजवर कुणी मला हाक मारलेली नाही. तपासायचं असलं की तेवढं ते वाचतात.

तिथून मी एका काचेच्या दुकानात आले. रोज सकाळी एक माणूस मला फडक्याने पुसायचा, आणि पुसून झालं की शेजारच्या गाडीकडे वळायचा. येणारे लोक आत बसायचे, दार उघडून बघायचे, लावून बघायचे आणि निघून जायचे. मग एक दिवस ती दोघं आली.

ती चष्मे करणारी होती. कित्येक वर्षं तिने दुसऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचं काम केलं होतं. आता ती नोकरी सोडून स्वतःचं काम काढायचं तिच्या मनात होतं. ज्या म्हाताऱ्या माणसांना दुकानापर्यंत येणं जमत नाही, त्यांच्याकडे आपणच जायचं, डोळे तपासायचे आणि चष्मे करून द्यायचे. गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमाशी तिचं बोलणंही झालं होतं. डोळे तपासायचं एक जुनं यंत्र तिने विकत घेतलं होतं. ते चांगलंच जड होतं, म्हणून गाडी हवी होती.

तिचा नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. त्याच्या बोटांना कायम खळीचा वास असे. पगार त्याचा पक्का होता, म्हणून बँकेने कर्ज त्याच्या नावावर दिलं. गाडी चालवता यायची ती मात्र फक्त तिला. त्याला धड सायकलही येत नव्हती. तो माझ्या पुढच्या सीटवर बसायचा आणि वळण आलं की नसलेला ब्रेक जोरात दाबायचा. माझी तळाची चटई त्या जागी सगळ्यात आधी झिजली.

"कागदपत्रांची काळजी सोडा," दुकानातला विक्रेता म्हणाला. "नोंदणी, रोड टॅक्स, सगळं होऊन जाईल."

मित्रांनो, तिथेच घात झाला. सगळं होऊन जाईल म्हणजे कोण करणार? नवऱ्याला वाटलं, दुकान करेल. दुकानाने गृहीत धरलं, कर्ज देणारी बँक करेल. बँक म्हणाली, आमचं काम हप्त्याशी. चष्मेवाली समजून चालली होती की नवरा बघतोय. मी आपली समोरच्या काचेवर तात्पुरत्या नंबरचा कागद चिकटवून अंगणात उभी होते. उन्हाने त्या कागदावरची शाई दिवसेंदिवस फिकी पडत होती.

मग दोघांच्याही लक्षात आलं की काहीच झालेलं नाही. आणि इथून पुढे माझ्या डोक्याचा जो गोंधळ झाला, तो अजून निस्तरतेय. दोघांनी एकमेकांना न सांगता आपापल्या परीने काम उरकलं. नवऱ्याने दुपारच्या सुट्टीत जाऊन नोंदणीचा अर्ज भरला आणि मालक म्हणून बायकोचं नाव घातलं. बायकोने आपल्या साठवलेल्या पैशांतून रोड टॅक्स भरला आणि पावती नवऱ्याच्या नावाने घेतली. कर्ज त्याचं, अर्ज तिच्या नावाचा, कर पुन्हा त्याचा. आता यात मी स्वतःला कुठे शोधायचं?

तात्पुरत्या नंबरची मुदत संपायच्या शेवटच्या दिवशी ते मला परिवहन कार्यालयात तपासणीला घेऊन गेले. तिथल्या निरीक्षकाने माझं बॉनेट उघडलं, चेसिस नंबरवर चिकटपट्टी लावली आणि वरून पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतला. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की काय सांगू! मी उभी होते ती जागा खिडकीच्या अगदी खाली होती, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. खिडकीमागचा कारकून कागद हातभर लांब धरून वाचत होता.

"बँकेचा बोजा चढवायचाय ना?" तो म्हणाला.

मी घाबरून स्प्रिंगा ताठ केल्या. वाटलं, आता मागे पोती भरतात की काय. मग कळलं, बोजा म्हणजे बँकेचं नाव. कर्ज फिटेपर्यंत ते माझ्या नोंदणी पुस्तकात राहणार होतं. म्हणजे मी बँकेची का? तर तसंही नाही. गाडी बँकेची नाही, पण हप्ते थकले तर बँक मला घेऊन जाऊ शकते. हे ज्याला समजलं असेल त्याने मलाही समजवावं.

तेवढ्यात कारकुनाने अर्ज खाली ठेवला, पावती वर घेतली, मग पुन्हा अर्ज उचलला. "गाडी कुणाची?" त्याने विचारलं.

"हिची," नवरा म्हणाला.

"ह्यांची," बायको म्हणाली. दोघं एकाच वेळी.

कारकुनाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "अहो, इथे सख्खे भाऊ माझी माझी म्हणत एकमेकांच्या अंगावर धावून जातात. तुम्ही दोघं तर नको नको म्हणून ढकलताय. गाडी चोरीची नाही ना?"

निरीक्षकाने पेन्सिल थांबवून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. इतकी लाज मला नंतर भर रस्त्यात टायर फुटला तेव्हाही वाटली नाही.

"चोरीची कशी असेल? बिल आहे की!" चष्मेवाली म्हणाली. मग तिच्याने राहवेना. "आणि एक सांगू का? तुमचा नंबर वाढलाय. कागद फार लांब धरताय."

"माझा नंबर राहू द्या बाई," कारकून तडकला. "आधी गाडीला नंबर मिळतो का बघा. कर्ज ज्याचं, त्याचं नाव मालकात हवं. नाहीतर बाईंना कर्जात घ्या, आणि तसं बँकेकडून लिहून आणा. पावतीवरचं नाव बदलायला वेगळा अर्ज. तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही."

कशीबशी त्यांनी मला संध्याकाळच्या आत घरी आणली आणि अंगणात लावली. पण दोघंही खाली उतरेनात. घराच्या बोळकंडीत ते यंत्र खोक्यात पडून होतं, येता-जाता त्याला धडकायला व्हायचं, त्यामुळे निवांत बोलायचं तर ती दोघं माझ्यातच येऊन बसत. चहाचे कपसुद्धा माझ्याच डॅशबोर्डवर असत.

"तू माझं नाव कशाला घातलंस?" तिने विचारलं. "मला विचारायचं तरी."

"तुझ्या कामाची गाडी, तुझं नाव. त्यात विचारायचं काय?"

"आणि काम नाही चाललं तर? सगळे म्हणतील, हिला हौस होती, नोकरी सोडली, वर गाडी घेऊन बसली. तुझ्या नावावर असली तर निदान घरची गाडी म्हणता येईल."

नवरा बोटाला चिकटलेली खळ काढू लागला. "माझ्या आईच्या नावावर एक चमचा नव्हता," तो म्हणाला. "सगळं घर तिने उभं केलं, आणि सगळं कुणाच्या ना कुणाच्या नावावर. काम नाही चाललं, तर नाही चाललं. गाडी तर तुझी राहील."

तिचा हात चुकून वायपरच्या बटणावर पडला आणि माझ्या कोरड्या काचेवर वायपर खर्र खर्र फिरत राहिले. ते बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी कुणाला नकोशी म्हणून मालकावाचून उभी नव्हते. तिला मी हवी होते, फार हवी होते. फक्त मला 'माझी' म्हणायची तिला भीती वाटत होती.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी जागची हलले नाही. टायरमधली हवा उतरली, बॅटरी मंदावली, एका मांजराने माझ्या टपावर आपला संसार मांडला. नवरा मधून मधून कागदांची पिशवी घेऊन यायचा, त्यात काहीतरी शोधायचा आणि तशीच परत न्यायचा. कुठला अर्ज आधी आणि कुठला मग, हे त्याला समजत नव्हतं. मला तर नव्हतंच नव्हतं.

मग वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. चष्मेवाली माझ्यातच बसून बोलत होती. तिकडचं बोलणंही मला ऐकू येत होतं, कारण बाईंचा आवाज खणखणीत होता. ठरलेला सोमवार टळून गेला होता. चष्म्याच्या ज्या दुकानात ही पूर्वी होती, त्या दुकानाच्या मालकाने हेच काम आपल्याला द्या म्हणून निरोप पाठवला होता.

"मला स्पष्ट सांगा," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या गाडीच्या भरवशावर असाल तर मला चालायचं नाही. आज गाडी आहे, उद्या नाही, असं नको. इथली माणसं सकाळपासून तयार होऊन बसतात हो. गाडी कुणाची आहे?"

चष्मेवालीने माझं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"माझी," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "गाडी माझी आहे. नोंदणीचं काम चालू आहे. मला पुढच्या सोमवारपर्यंत वेळ द्या."

मित्रांनो, इंजिन बंद असताना गाडीला काही वाटत नाही, असं समजू नका.

त्या शब्दानंतर तिला मागे फिरायची सोय उरली नाही. दुसऱ्याच दिवशी ती बसने बँकेत गेली आणि संध्याकाळी माझ्यात बसून तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. बँकेतला अधिकारी म्हणाला होता, "बाई, कर्जात तुमचं नाव आलं की हप्ता थकल्यावर आम्ही तुमच्याही दारात येणार." हिने म्हटलं, "या की. दारावर चष्म्याची पाटी लावणार आहे, घर लगेच सापडेल." नवरा इतका हसला की चहा माझ्या सीटवर सांडला. तो डाग अजून आहे.

पुढचे दिवस दोघांच्या पायांचे अक्षरशः तुकडे पडले. बँकेचं पत्र झालं तर शिक्का राहिला. शिक्का मिळाला तर पावतीवरचं नाव बदलणारा माणूस रजेवर. तो हजर झाला तर म्हणाला, हे काम शेजारच्या खिडकीचं. उशीर झाल्याचा दंडही भरला. शेवटी शनिवारी, तिने घरी येऊन माझ्यात बसून सांगितलं, त्याच कारकुनाने माझा नंबर दिला, आणि कागद पुढे सरकवताना आवाज खाली आणून विचारलं, "बाई, घरी तपासता का तुम्ही? किती वाजता येऊ?"

टायरमध्ये हवा भरली, बॅटरी चार्ज झाली, आणि माझ्या पुढे-मागे नंबराच्या पाट्या बसल्या. नवऱ्याने त्या स्वतः पुसल्या, बोटाची खळ लागली म्हणून पुन्हा पुसल्या. सोमवारी सकाळी दोघांनी मिळून यंत्र उचललं आणि माझ्या मागच्या सीटवर ठेवलं. वाटेतले खड्डे मी किती जपून घेतले ते माझं मला माहीत. वृद्धाश्रमाच्या ओसरीवर खरोखरच माणसं तयार होऊन बसली होती. केस विंचरलेले, हातात जुने चष्मे, काहींच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या. चष्मेवालीने दिवसभर एकेकाला यंत्रापुढे बसवलं. उन्हं कलल्यावर ती बाहेर आली, माझं दार उघडून बसली आणि डोकं स्टिअरिंगवर टेकवून रडली. मग डोळे पुसून माझ्या दरवाजावर थाप मारली आणि म्हणाली, "चल गं, घरी जाऊ." तोवर ती मला कधीच 'गं' म्हणाली नव्हती.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं धावले. वृद्धाश्रम वाढले, यंत्र बदललं, कौतुक झालं, पत्रा चेपला, रंग उडाला. कर्ज फिटलं त्यालाही आता बराच काळ लोटला. बँकेचं काही येणं उरलं नसल्याचं पत्र आलं. ते घेऊन परिवहन कार्यालयात जायचं आणि बोजा उतरवून आणायचा, एवढंच काम होतं. पण आज तपासणी, उद्या पाहुणे, असं करत ते राहिलं ते राहिलंच. नोंदणी पुस्तकात मालक म्हणून तिचं, तिचा नवरा म्हणून त्याचं, आणि त्याखाली अजूनही बँकेचं नाव आहे.

माझ्या नोंदणीची मुदत येत्या वर्षी संपते. पुढे मला चालवतील की मोडीत काढतील, कुणास ठाऊक. मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल तर तिचं तेलपाणी बघा, टायरची हवा बघा, आणि कधीतरी तिचं पुस्तकही उघडून बघा. कर्ज फिटलं असेल तर आळस न करता जाऊन ते नाव काढून आणा. तुमच्या दृष्टीने ते एका खेपेचं काम असतं. मोडीत जायचं झालं तरी माझी तक्रार नाही. पण त्याआधी एकदा, एक दिवस का होईना, मला माझ्या माणसांची आणि फक्त माझ्या माणसांची म्हणून कागदावर राहायचंय.