विहिरीवरची आई

तौलनिक साहित्यात एम.ए. करायचं ठरवल्यावर वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. "दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघायला नोकरी कोण देणार?" हे मात्र ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. पुढे एका प्रकाशनात हस्तलिखितं वाचून अभिप्राय लिहायची नोकरी लागली, तरी त्यांचा अबोला सुटला नाही. ऑफिसात तिला 'तुलनाबाई' म्हणत, आणि ते काही लाडाचं नाव नव्हतं.

एकदा प्रकाशनाच्या सर्वांत खपणाऱ्या लेखकाची नवी कादंबरी तिच्याकडे आली. त्यात एक आई बहिऱ्या मुलाला विहिरीवर नेते आणि पाण्याचा आवाज हातवाऱ्यांनी समजावते. ती थांबली आणि तेच पान पुन्हा वाचू लागली. हा प्रसंग तिने विद्यापीठात वाचला होता, सीमेपलीकडच्या भाषेत. ती भाषा शिकायला वर्गात दोनच टाळकी असत.

घरून ते पुस्तक आणून तिने पानं ताडून पाहिली. नावं बदलली होती, गाव बदललं होतं, बाकी उपमासुद्धा जशाच्या तशा. फक्त शेवट वेगळा होता.

तिचा अभिप्राय वाचून प्रकाशकांनी तिला बोलावलं आणि केबिनचं दार लावून घेतलं. लेखक आधीच येऊन बसला होता.

"ती भाषा इथे कोणाला येते?" प्रकाशकांनी विचारलं.

"मला येते."

"म्हणजे तू गप्प बसलीस की प्रश्न मिटला."

लेखक तिच्याकडे न बघता बोलला, "साहित्यात प्रभाव असतात, बाई. एवढं तरी शिकवलं असेल."

"प्रभाव पडतो, सर. पानंच्या पानं उतरत नाहीत."

त्याचा चेहरा उतरला नाही, उलट कडक झाला. "हिला आवरा," तो प्रकाशकांना म्हणाला, "नाहीतर मी दुसरीकडे जातो."

संध्याकाळी प्रकाशकांनी राजीनामा मागितला. "काढायचं तर तुम्ही काढा," ती म्हणाली. त्यांनी काढलं. सामान आवरताना एकानेही मान वर केली नाही. ते मूळ पुस्तक तिने सगळ्यांसमोर पिशवीत ठेवलं.

खटपट करून तिने मूळ लेखिकेचा नंबर मिळवला. फोनवर आलेला आवाज म्हातारा आणि तुसडा होता. तिने चोरीची हकिगत सांगितली.

"तुमच्याकडे चोरी झाल्यावरच माझी आठवण आली का?" लेखिकेने विचारलं.

ती कोणते प्रसंग उचललेत ते सांगू लागली, तशी लेखिकेने तिला मधेच तोडलं.

"शेवट तरी तोच ठेवलाय?"

"नाही. त्याच्या पुस्तकात सोडून गेलेली आई मुलाकडे परत येते."

 लेखिका म्हणाली, "मूर्ख माणूस. ती परत येणारी असती तर मी लिहिलं कशाला असतं?"

लेखिकेच्या वकिलाची नोटीस आली आणि छपाई थांबली. लेखकाने मुलाखतीत 'एका असमाधानी नोकर बाईचं कारस्थान' असं म्हटलं, आणि पुष्कळांना ते पटलं. दुसऱ्या कोणत्याही प्रकाशनाने तिला दारात उभं केलं नाही.

भाषांतराचा हक्क लेखिकेने तिला दिला, पण उपकार केल्यासारखा. मराठी येणाऱ्या एका शेजाऱ्याकडून पहिलं प्रकरण समजून घेऊन लेखिकेने फोन केला.

"तू हिला बिचारी केलीस. मी लिहिलेली बाई बिचारी नाही. पुन्हा कर."

"करते."

"आणि माझे आभार मानू नकोस."

ती मानणार नव्हतीच. तिने लिहिलेली पानं फाडली आणि पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.