दहा मिनिटं पुढे

टॅक्सी तिसऱ्यांदा थांबली तेव्हा घड्याळवाल्यांनी शर्टाची डावी बाही मनगटावर ओढून घेतली आणि तिचं बटणही लावून टाकलं.

बायकोचं तिकडे लक्ष नव्हतं. ती स्वतःच्या मनगटाकडे बघत होती.

"बारा वाजून एक मिनिट," ती म्हणाली. "संपलं."

पुढे गाड्याच गाड्या होत्या. त्यांच्या पलीकडे मनोऱ्याचं टोक दिसत होतं, पण त्यावरचं घड्याळ नेमकं एका जाहिरातीच्या फलकामागे गेलं होतं.

"इथून पायी निघालेला माणूस जेवून परत येतो बघा," ड्रायव्हर म्हणाला, "आणि आपण त्याला इथंच भेटतो." त्याने इंजिन बंद केलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

त्या मनोऱ्यावरच्या घड्याळातून रोज दुपारी बाराच्या ठोक्याला बाहुल्या बाहेर येत. एक लोहार, एक नाचणारी, एक ढोलवाला आणि शेवटी एक कोंबडा. दिवसातून एकदाच. बायको नऊ वर्षांची असताना शाळेच्या सहलीबरोबर इथे आली होती, आणि अख्खा वर्ग माना वर करून उभा असताना ही बाई पाण्याच्या नळापाशी रांगेत होती. पुढे वर्षभर वर्गात त्या कोंबड्याशिवाय दुसरा विषय नव्हता. त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. "जाऊ एकदा, जाऊ एकदा" म्हणता म्हणता आज कुठे दुकानाला कुलूप लावून दोघं निघाले होते. आणि सकाळी सुट्या भागांच्या बाजारात स्प्रिंगा निवडत तासभर जास्त कोणी घालवला, तर घड्याळवाल्यांनीच.

"जाऊ दे," बायको म्हणाली. "माझ्या नशिबात तो कोंबडा नाहीच. तुमच्यासाठी शर्ट तरी बघू चांगलासा."

बोलली ती हसतच. पण पर्सची चेन तिने दोनदा उघडली आणि दोनदा लावली.

घड्याळवाल्यांना ते बघवेना. गावातली शाळेची घंटासुद्धा त्यांच्या दुकानातल्या घड्याळावर वाजायची. अशा माणसाने गेली कित्येक वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली होती, आणि ती आज गळ्याशी आली होती.

"उतर," ते म्हणाले.

"अहो, आता कशाला?"

"नऊ मिनिटं आहेत अजून."

"कुठली नऊ? हे बघा, बारा वाजून गेले."

"तुझं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

"काहीतरीच. रोज सकाळी तुम्ही स्वतः चावी देता त्याला."

"म्हणून तर."

ड्रायव्हरने वर्तमानपत्र खाली घेतलं.

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

"तुझ्या भावाच्या लग्नाला जाताना गाडी चुकली होती बघ. केस विंचरत बसली होतीस. तेव्हापासून."

"म्हणजे थोरली पाळण्यात होती तेव्हापासून."

"अगं, चल ना आता. भांडण तिथं जाऊन करू."

पैसे ड्रायव्हरच्या हातात कोंबून दोघं गाड्यांच्या मधूनच निघाले. स्प्रिंगांचं खोकं घड्याळवाल्यांच्या काखेत, चपला बायकोच्या हातात. एका बसच्या चालकाने हॉर्न दिला, तर तिने त्यालाच हात दाखवून थांबवलं. या बाईला इतक्या वर्षांत कधी भरभर चालताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि आता घड्याळवालेच मागे पडत होते.

चौकात पोहोचून ती मान वर करते न करते तोच पहिला ठोका पडला.

दार उघडलं. लोहाराने हातोडा मारला, नाचणारीने गिरकी घेतली, ढोलवाला जरा अडखळत का होईना, पुढे आला. मग सगळ्यात वरची झडप उघडली आणि कोंबडा बाहेर आला, चोच उघडून तेल न घातलेल्या बिजागरीसारखा ओरडला. बायकोने चपलांसकट टाळ्या वाजवल्या.

"एवढासाच आहे की," ती म्हणाली. "वर्गात तर मुली सांगत होत्या, वासराएवढा आहे."

"पहिला ठोका चार सेकंद उशिरा पडला," घड्याळवाले म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. वेळेबद्दल तर तुम्ही बोलूच नका."

आता खरं भांडण सुरू होईल म्हणून ते वाट बघत राहिले. झालंच नाही. उलट आईस्क्रीम खाऊन झाल्यावर बायको मनोऱ्याच्या पायथ्याशीच असलेल्या कापडाच्या मोठ्या दुकानात त्यांना घेऊन गेली. निळा शर्ट घालून बघताना बाही मनगटाशी अडायला लागली, तेव्हा त्यांनी घड्याळ काढून तिच्याकडे दिलं. तिने ते कानाशी धरलं, अगदी त्यांच्यासारखं.

"निवांत बघा घालून," ती म्हणाली. "मी एक चक्कर मारून येते."

ती आली तेव्हा ते आरशासमोर उभे होते.

"माणसात आलात," तिने सांगितलं, आणि घड्याळ परत त्यांच्या मनगटावर स्वतः बांधलं.

पुढे त्यांनी एक छत्री घेतली, नातवाला पेन्सिलींची डबी घेतली, आणि सरकत्या जिन्यावरून तीनदा वर-खाली केलं. परतीची गाडी तीनची होती. घड्याळवाले दर थोड्या वेळाने बाही मागे सारत आणि "आहे वेळ" म्हणत. बायको आज कशालाच नाही म्हणत नव्हती.

ते स्टँडवर आले तेव्हा तीनला सात मिनिटं कमी होती. फलाटावर गाडी नव्हती. भिंतीवरचं घड्याळ तीन वाजून आठ मिनिटं दाखवत होतं.

"तुमचं घड्याळ पुढे आहे," घड्याळवाल्यांनी चौकशीच्या खिडकीत ठणकावून सांगितलं.

"नाही हो काका. गाडी वेळेवर गेली. आता पुढची साडेसातला."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून कानाशी धरलं. टिकटिक ठणठणीत होती. मग ते हळूहळू मागे वळले. बायको बाकावर बसून पायाची बोटं चोळत होती.

"पंधरा मिनिटं मागे आहे," ते म्हणाले.

"हो का?"

"आपोआप जात नाही असं."

"मला काय कळतं त्यातलं," बायको म्हणाली, आणि पर्समधून दोन तिकिटं काढून त्यांच्या हातात दिली. मनोऱ्याच्या लिफ्टची होती. वर साडेचारची वेळ छापलेली होती. "तुम्ही शर्ट घालत होता ना, तेव्हा काढली. वरून म्हणे सगळं शहर दिसतं. आणि कोंबडा मागून बघता येतो."

घड्याळवाल्यांनी तिकिटं वाचली, पुन्हा वाचली. सवयीने त्यांनी काटे नीट करायला घड्याळाची चावी बाहेर ओढली. अंगठा तिथेच थांबला. मग त्यांनी ती तशीच आत दाबली आणि घड्याळ मनगटावर बांधलं.

"चल," ते म्हणाले. "माझ्या घड्याळात अजून तीनसुद्धा वाजले नाहीत."