लाभ हे माप नव्हे

"लाभ... एक... दोन..."

उदारामने धानाचा पहिला कुडो पोत्यात ओतला, तेव्हा तो 'लाभ' म्हणाला आणि दुसऱ्याला 'एक'. पोतं धरणारा हमाल बकाराम चपापला. गोंदियाच्या बाजारात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात; पण ते माप धरलेलं असतं, म्हणून पुढे थेट दोन येतात. वीस कुडोंची खंडी होते. या हिशेबाने मात्र खंडीत एकवीस जात होते.

"काका, चुकून राहिले तुमी."

"नाई चुकून राहिलो. तू पोतं धर."

वर ओसरीवर हॅरॉप साहेब आरामखुर्चीत डुलक्या घेत होता. सत्तेचाळीस साल उजाडलं, तसा त्याला केनियाचा ध्यास लागला होता. उरलेलं म्हातारपण तिथे काढायचं, तर तिकडच्या सरकारच्या दोन अटी होत्या. हाती ठरलेली रक्कम हवी, आणि राहत्या गावातल्या प्रतिष्ठित माणसाने दिलेला चारित्र्याचा दाखला हवा. गिरणी, बंगला, पियानो, सगळं विकून झालं होतं. कोठारातलं धान चारशे खंडी भरलं तरच रक्कम जेमतेम पुरी होणार होती. धान घेणारा ईश्वरदास शेठ, आणि दाखलाही तोच देणार होता. एका मापाऱ्याने हात घातलेल्या राशीला दुसरा शिवत नाही, ही बाजाराची रीत. उदारामने हे काम म्हणूनच मागून घेतलं होतं.

एकवीस वर्षांपूर्वी, गिरणीवर नवाच आलेला असताना, याच साहेबाने खुर्ची टाकून उदारामची मोजणी ऐकली होती. दोनपासून वीसपर्यंत बोटं मोजली, एकोणीस भरली. झालं! मापारी खंडीमागे एक कुडो खातो. भंडाऱ्याच्या कोर्टात साहेबाने शपथेवर सांगितलं, लाभ हे माप नव्हेच. बाजारातल्या शेंबड्या पोरालाही खरं ठाऊक होतं. पण गोऱ्या साहेबापुढे एकाही शहाण्याची जीभ उचलली नाही. उदारामला सहा महिन्यांची सजा झाली.

त्याची बायको रुख्मा तुरुंगात भेटायला आली, तेव्हा तिने हळूच विचारलं होतं, "खरं सांगा जी, घेतले व्हते का?" त्याने रागाने तोंड फिरवलं. तिसऱ्या महिन्यात ती तापाने गेली. उत्तर द्यायचं राहून गेलं ते गेलंच.

चौथ्या दिवशी कोठाराचा तळ लागला. तीनशे ऐंशी खंडी आणि वर एकोणीस कुडो. साहेब धडपडत खाली आला.

"उन्नीस खंडी कम! कैसे?"

"तुमच्याच रीतीनं मोजलं जी," उदाराम शांतपणे म्हणाला. "लाभ सोडून. भंडाऱ्याले तुमीच शपथ घेतली व्हती ना?"

साहेबाने त्याच्याकडे आत्ता कुठे नीट पाहिलं, आणि ओळखलं. त्याचा चेहरा उतरला. ईश्वरदास मुकाट्याने सुपारी चघळत होता. आयती एकोणीस खंडी कोणाला नको असते?

"क्या चाहिए?" साहेबाने विचारलं.

"लिहून द्या. लाभ म्हंजे एक. माही भंडाऱ्याची शपथ खोटी व्हती, उदाराम चोर नव्हता."

साहेबाने लिहिलं. उदारामला वाचता येत नव्हतं. त्याने कागद शेठच्या हाती दिला. "मोठ्यानं वाचा शेठ, सगळ्यायले ऐकू द्या."

शेठने वाचला. हमाल उभे राहून ऐकत होते. मग उदाराम म्हणाला, "चारशे खंडी बराबर," आणि मोजणीच्या कागदावर त्याने अंगठा उठवला.

साहेबाने सुटकेचा श्वास सोडून दाखल्याचा कागद पुढे सरकवला. शेठने पेनला टोपण लावलं.

"साहब, कसम खाकर झूठ बोला, ये तो आपने खुद लिख दिया. अब मैं चालचलन अच्छा कैसे लिखूँ?" एकोणीस खंडी हातची गेल्याचा राग होताच, वर कारण सज्जनाचं मिळालं होतं. उदारामने शेठला उभ्या जन्मात एवढंच ओळखलं होतं, आणि तेवढं पुरलं.

साहेब उदारामकडे वळला. "उदाराम, प्लीज..."

"माही बायको मले चोर समजून मेली जी," उदाराम म्हणाला. "जे तुमाले खोटा म्हणतीन, त्याच लोकायत आता राहा. मी राहिलो एकवीस वर्सं. गोंदिया काई वाईट नाई."

कागद घडी करून त्याने बंडीच्या खिशात घातला. कोणीतरी मागून "भले काका!" म्हणालं. तेव्हा बोलले असते तर, असं त्याच्या मनात आलं, पण तो मागे वळला नाही.

घरी आल्यावर त्याने कागद रुख्माच्या पितळी डब्यात, तिच्या जोडव्यांजवळ ठेवला. दिवेलागण होत आली होती. त्याने चूल पेटवली, मडक्यातून तांदळाचं माप भरलं आणि भांड्यात ओतताना, घरभर ऐकू जाईल असं म्हणाला, "लाभ."

मग मडक्यावर झाकण ठेवलं. एका माणसाला तेवढेच तांदूळ लागत होते.