सरुबाईचा पाला

मित्रांनो, कठड्यापासून दोन पावले मागे उभे राहा, म्हणजे निवांत बोलता येईल. मी एक जुना जिराफ आहे. पुण्यातल्या एका बागेत गेली एकवीस वर्षे राहतो. बागेचे नाव सांगणार नाही. सांगितले की कोणीतरी वर्तमानपत्राला पत्र लिहिणार, त्या बागेत जिराफ कधी नव्हताच म्हणून, आणि मग मी आहे हे मलाच शाबीत करावे लागणार. आणि हो, तुमच्या डाव्या खिशातले शेंगदाणे मला दिसले आहेत. ते तिथेच राहू द्या.

मी संशयी आहे, हे मी लपवत नाही. आमची जातच तशी. आईने मला पंधरा महिने पोटात सांभाळले आणि उभ्याउभ्याच जन्म दिला. पुरुषभर उंचीवरून मी डोक्यावर आपटलो. जगाने माझे स्वागत असे केले! तरी तासाभरात उभा राहिलो, कारण जो उभा राहत नाही त्याला सिंह खातो, हे आमच्या रक्तातच असते. माझा जन्म एका दूरच्या प्राणिसंग्रहालयातला. तिथला सिंह शेजारच्या पिंजऱ्यात होता आणि त्याला दात उरले नव्हते. पण रक्ताला हे कोण समजावणार?

चोवीस तासांत मी तास-दोन तास झोपतो, तेही तुकड्यातुकड्याने आणि बहुतेक उभ्याने. पुण्यातली माणसे रोज दुपारी एक ते चार दारे लावून झोपतात असे ऐकतो. ती माणसे मला फार धीट वाटतात.

सर्वांत अवघड काम म्हणजे पाणी पिणे. माझ्या मानेत मणके तुमच्याइतकेच, सातच आहेत, फक्त एकेक वीतभर लांब. पण पाय मानेपेक्षा उंच. म्हणून पाणी पिताना पुढचे दोन्ही पाय फाकवावे लागतात. त्या वेळी पळता येत नाही आणि लाथही मारता येत नाही. एवढ्या उंच डोक्यापर्यंत रक्त चढवायला माझे हृदय चांगले दहा-अकरा किलोचे आहे. डोके खाली गेले की ते रक्त एकदम मेंदूत जाऊ नये, अशी सोय निसर्गाने करून ठेवली आहे. निसर्गसुद्धा संशयीच म्हणायचा. नवीन आलो तेव्हा हौदाभोवती मी अर्धा दिवस फिरत असे आणि मगच दोन घोट घेत असे.

पुण्याला मी एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली ट्रकमधून आलो. वाटेत विजेच्या तारा आल्या की एक माणूस बांबूने त्या वर उचलून धरी. गणपतीच्या मिरवणुकीत उंच मूर्तीसाठी उचलतात ना, तशाच. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून हात जोडत होते. मला ते काही खरे वाटले नाही.

बागेत माझा सांभाळ हिंदुरावांकडे आला. ते मांजरी गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. आयुष्यभर बैल सांभाळलेला माणूस. पहिल्या दिवशी ते कठड्याबाहेर उकिडवे बसून तासभर नुसते बघत राहिले. मी पाला खाल्ला आणि थोड्या वेळाने रवंथ सुरू केला. रवंथाचा गोळा पोटातून मानेच्या तळाशी येतो आणि चेंडूसारखा वर सरकत तोंडात जातो, ते बाहेरून स्पष्ट दिसते. हिंदुरावांनी ते पाहिले आणि मांडीवर थाप मारली.

"आरं, ह्यो रवंथ करतोय! म्हंजी आपलाच हाय की! बैलच हाय, फकस्त उंच."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दगड रचून एक ओटा केला आणि पाण्याचे टिपाड त्यावर ठेवले. आता पाय फार फाकवावे लागेनात. मित्रांनो, त्या दिवसापासून या माणसावरचा माझा संशय संपला. तो एकच माणूस असा.

सरुबाईचे मात्र तसे नव्हते. ती विश्रांतवाडीकडून यायची. आळंदी रस्त्याच्या माळावरच्या बाभळीच्या फांद्या लांब आकडीने तोडून, भारा बांधून डोक्यावरून आणायची. बाभूळ म्हणजे माझे पक्वान्न. माझी जीभ हातभर लांब आणि काळीनिळी आहे. काट्यांच्या मधून ती बरोबर पानाला वेढा घालते. सरुबाई काटक, तुटक बोलणारी बाई होती. तिच्या कमरेला कोयता असे. पाल्याला कधी शेळ्यांचा वास येई, कधी धुराचा. म्हणून तिने आणलेली प्रत्येक फांदी मी आधी हुंगत असे, आणि ती लांब गेल्यावरच खात असे.

"खा की," ती म्हणायची. "म्या काय सासू हाय व्हय तुजी?"

त्यात आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. जाता जाता ती माझ्या गव्हाणीत हात घालायची, काहीतरी उचलायची आणि पदराआड करून चालू लागायची. एकदा नव्हे, रोज. ही बाई माझ्या खाण्यातले काही चोरते, असे मी मनाशी पक्के केले. उंचावरून मला खडकीपर्यंतचा धूर दिसतो. तिच्या मुठीत काय आहे ते मात्र दिसले नाही.

नऊ वर्षे अशी गेली. मग हिंदुरावांच्या थोरल्या भावाने ट्रॅक्टर आणला आणि घरची बैलजोडी बाजारात गेली. त्या आठवड्यात हिंदुराव माझ्याशी फारसे बोलले नाहीत. नुसते खरारा घेऊन माझे पाय घासत बसायचे.

त्यांच्याकडे पोळा भाद्रपदात असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळतात. हिंदुरावांनी वाटी आणली, पण माझ्या खांद्याला त्यांचा हात कसा पोचणार? त्यांनी माझे गुडघे मळले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते शिडीवर चढले. माझी शिंगे आखूड आणि कातडीने मढवलेली, त्यांना रंग लावायला त्यांचा जीव होईना. म्हणून त्यांनी कपाळाला गुलाल लावला आणि फडक्यात बांधून आणलेल्या पुरणपोळ्या सोडल्या. त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, पहाटे उठून केल्या होत्या.

"खा, राजा," ते म्हणाले. "औंदा गोठा रिकामा हाय. तुज्याबिगर कुनाला घालू?"

मित्रांनो, जो जिराफ बाभळीचे पान चार वेळा हुंगतो, त्याने अकरा पुरणपोळ्या एकदाही न हुंगता खाल्ल्या. गोड लागल्या. फार गोड लागल्या.

आता माझे पोट कसे चालते ते ऐका. पोटाला चार कप्पे. पहिल्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात आणि पाला कुजवून मला जगवतात. त्यांना पाल्याची सवय. त्यांच्यावर एकदम गूळ, डाळ आणि कणीक येऊन पडली, की आतले सगळे आंबते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगावी बैल आजारी पडतात ते याच लाडाने. सकाळपर्यंत माझा रवंथ बंद पडला. पोट ताठ झाले, मान पुढे लोंबू लागली, आणि तोंडातून लाळ गळू लागली. मी मरणार, असे मला वाटले. मला वाटले कशाला, सगळ्यांनाच वाटले.

जनावरांच्या डॉक्टर सरोजिनीबाई सायकलवरून आल्या. त्यांनी माझे पोट दाबून पाहिले आणि विचारले, "काल याने नेमकं काय खाल्लंय?"

बागेचे अधीक्षक श्यामराव हे सदाशिव पेठेतले. त्यांना सगळे आधीच माहीत असायचे. "पाल्याशिवाय काय खाणार? बाहेरचं काही घालायचं नाही अशी पाटी मी स्वतः लावलेली आहे."

"हिंदुराव, तुम्ही सांगा."

हिंदुरावांनी मान खाली घातली. वरून मला त्यांचा चेहरा दिसेना, नुसता टोपीचा शेंडा दिसत होता. "पालाच, बाई," ते म्हणाले.

"म्हणजे पाल्यावर कोणी औषध मारलेलं असणार," श्यामराव म्हणाले. "किंवा मारून आणलेलं."

तेवढ्यात सरुबाई भारा घेऊन आली. एव्हाना कठड्याशी वीस-पंचवीस माणसे जमली होती. श्यामरावांनी तिला भारा उतरूसुद्धा दिला नाही.

"या. आपलीच वाट पाहत होतो. कालचा पाला कुठून तोडलात?"

"रोजच्याच माळावरनं. का वो?"

"जनावर मरायला टेकलंय, म्हणून विचारतोय."

तिचा चेहरा उतरला. "साहेब, माळावर कोन कशाला औषद मारंल? मी नऊ वरसं पाला आनते."

"असं? मग आपण जनावरालाच विचारू. मुकं जनावर खोटं बोलत नाही. घाला त्याच्या तोंडासमोर फांदी. खाल्ली तर तुम्ही निर्दोष."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, आजारी जनावर खाईल कसं? ही काय परीक्षा झाली?" पण लोकांना तमाशा हवा होता.

सरुबाईने भाऱ्यातली कोवळी फांदी निवडली. काटे स्वतःच्या बोटांनी मोडले. टाचा उंचावून तिने ती माझ्या तोंडाजवळ धरली. "खा रं," ती म्हणाली. या वेळी तिने सासूची गोष्ट काढली नाही.

मला तेव्हा काय सुचले सांगू? पोटात आग पेटली होती, आणि ही आग कोणी लावली याचा मी शोध घेत होतो. कोयता आठवला. पदराआड जाणारी मूठ आठवली. हिच्याशिवाय कोण? मी तोंड फिरवले. नुसते फिरवले नाही, तर चार पावले मागे सरकून पाय आपटला. आमच्या लाथेने सिंहाची कवटी फुटते. लोक ओरडत मागे पळाले.

"झालं," श्यामराव म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

सरुबाईने हिंदुरावांकडे पाहिले. ते टिपाडात पाणी ओतत होते, टिपाड भरून वाहत होते, तरी ते ओतत होते. तिने भारा तिथेच टाकला आणि ती गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोटातून एकदा उचंबळून आले आणि एक गोळा डॉक्टरबाईंच्या पायाशी पडला. त्यांनी तो काडीने उकलला. पिवळे, आंबट, चिकट. मग त्यांनी नाक जवळ नेले.

"श्यामराव," त्या म्हणाल्या, "बाभळीला जायफळ कधीपासून लागायला लागलं?"

मग हिंदुरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"म्या घातल्या. अकरा पोळ्या. सण सुना जाऊ नये म्हनून घातल्या, बाई. काल त्या बाईला बोलत व्हते तवा माजी जीभच उचलंना. नोकरी जाईल म्हनून भ्यालो."

डॉक्टरबाईंनी खायचा सोडा पाण्यात कालवून बादली पुढे केली. मी अर्थातच तोंड लावले नाही. शेवटी ती बादली हिंदुरावांनी धरली आणि मी सगळी प्यालो. मला दुसऱ्या कोणाच्या हातचे पिता येत नव्हते, याला मी काय करू? आठ दिवसांनी रवंथ सुरू झाला.

डॉक्टरबाई सरुबाईकडे जाऊन आल्या आणि माझ्यासमोरच हिंदुरावांना सांगू लागल्या. "तिच्या घरामागे गोणीभर प्लास्टिकच्या पिशव्या आहेत. लोक भेळ खाऊन कठड्यातून टाकतात, वाऱ्याने त्या गव्हाणीत जातात. ती रोज वेचून घरी न्यायची. इथल्या पेटीत टाकल्या तर परत उडून येतात म्हणे. एक जरी याच्या पोटात गेली असती, तरी हा केव्हाच मेला असता."

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. ही बाई नऊ वर्षे माझ्या गव्हाणीतून माझे मरण उचलून नेत होती, आणि मी तिला चोर समजत होतो.

ती परत यायला तयार होती. तिची अट एकच होती. ज्या लोकांसमोर तिला घालवले, त्या लोकांना समजेल असे बागेने सांगावे की तिच्या पाल्यात काही दोष नव्हता. एक पाटी लावली तरी चालेल, असे तिने सांगितले. तिला वाचता येत नव्हते, पण पाटीचे वजन कळत होते.

श्यामरावांनी विचार केला. "बागेत माफीची पाटी लावण्याचा प्रघात नाही," ते म्हणाले. पण पाटी त्यांनी लावली. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. 'प्राण्यांना सणाचे पदार्थ घालू नयेत. त्यांना सण नसतात. हुकुमावरून.' लोक ती वाचतात, हसतात, फोटो काढतात. हिंदुरावांची बदली मोरांकडे झाली. माझ्यासाठी ठेकेदार उसाच्या शेंड्यांचे वाढे आणू लागला. सरुबाई आली नाही. डॉक्टरबाईंनी तीनदा बोलावले. चौथ्यांदा त्या गेल्या तेव्हा ते घर रिकामे होते.

पाटीवर लिहिले आहे ते तुम्ही पाळालच. पिशव्या टाकू नका, शेंगदाणे फेकू नका, प्रेमानेसुद्धा काही घालू नका. हे सगळे तुम्हाला शाळेतही सांगतील. पण दुसरी पाटी कोणी लावली नाही, आणि तुम्ही आता या कठड्याशी उभे आहात, त्या दिवशीची माणसे उभी होती तसेच. म्हणून ती मीच वाचून दाखवतो. सरुबाईच्या पाल्यात काही दोष नव्हता. तोंड मी फिरवले होते.